कमोड नवा, पाईप जुना: पुन्हा पुन्हा तुंबणारा आणि गळणारा संडास

आईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा घरातलं देशी भांडं काढून कमोड बसवायचं ठरलं. डोंबिवलीतली आमची इमारत १९८७ सालची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. प्लंबरने संडास बघितला, म्हणाला, "फोडाफोड काही नाही, एका दिवसाचं काम." शब्दाला जागला. संध्याकाळी कमोड बसला आणि आईने देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या चौदा महिन्यांत तो सात वेळा तुंबला. येईल तो प्लंबर स्प्रिंग मारायचा, आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच. फ्लश केलं की पाणी काठापर्यंत चढायचं, तिथे जरा थबकायचं आणि मग गुडगुड करत सावकाश उतरायचं. बुडाशी लावलेल्या व्हाईट सिमेंटला तडा गेला, तो भरला, परत गेला, परत भरला. मग एक दिवस खालच्या काकू जिन्यात भेटल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा खाली येऊन छत बघून जा रे." डाग थाळीएवढा होता, आणि आमच्या कमोडच्या खाली नव्हताच, बाथरूमच्या दाराशी होता. त्यावरून दुसऱ्या प्लंबरने नहाणी ट्रॅपवर, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या पाणी साचणाऱ्या वळणावर, ठपका ठेवला आणि तो बदलला. डाग वाढतच राहिला.

शेवटी साठी उलटलेले एक मिस्त्री आले. त्यांनी स्प्रिंग आणलीच नव्हती. दारात उभं राहूनच विचारलं, "आधी इथं देशी होतं ना? मग त्याचा ट्रॅप काढला होता का?"

कोणीच काढला नव्हता. सगळं दुखणं तिथे होतं.

दोन ट्रॅपची भानगड

देशी भांड्याला स्वतःचा ट्रॅप नसतो. भांड्याखाली, फरशीखालच्या भरावात (कोब्यात) गाडलेला, वेगळा पी किंवा एस आकाराचा ट्रॅप असतो, आणि त्यात साचून राहणारं पाणी लाईनमधला वास अडवतं. कमोडचं तसं नाही. त्याचा ट्रॅप चिनी मातीतच घडवलेला असतो. आत जे पाणी कायम दिसतं तेच ते, साधारण ५० मिमी खोलीचं. म्हणजे जुन्या भांड्याचं तोंड कापून त्याच्या ट्रॅपवर कमोड ठेवला की एकामागे एक दोन ट्रॅप होतात. दोन पाण्यांच्या मधे हवा कोंडते. वरून आलेलं पाणी त्या हवेला ढकलत बसतं, त्याचा जोर तिथेच संपतो आणि मैला दुसऱ्या ट्रॅपच्या वळणात बसून राहतो. शिवाय जुनी साखळीवाली लोखंडी टाकी एका झटक्यात दहा-बारा लिटर पाणी सोडायची. आताची ड्युएल फ्लश ३ आणि ६ लिटरची असते. पाणी निम्मं आणि वळणं दुप्पट, मग दुसरं काय होणार!

फोडायच्या आधी हे ओळखता येतं. कमोड उचलला किंवा जुनं भांडं काढलं की जमिनीतल्या भोकात टॉर्च मारा. पाणी चमकलं तर खाली ट्रॅप आहे. भोक कोरडं आहे, आतून वास आणि हवा येते आणि पाईप सरळ डक्टकडे, म्हणजे इमारतीच्या उभ्या पाईपांच्या पोकळीकडे, जाताना दिसतो, तर ट्रॅप नाही. कमोडला हवा तो हा दुसरा प्रकार. "राहू दे, डबल सेफ्टी आहे," असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.

आमच्याकडे दुसरी एक गंमत सापडली. जुन्या भोकाचा मध्य मागच्या भिंतीपासून १७ इंचांवर होता, शिवाय ३ इंच डावीकडे. कमोड ९ इंचांचा, म्हणजे भिंतीपासून ९ इंचांवरच्या भोकासाठी बनवलेला. तो भोकावर ठेवला असता तर मागे आठ इंच पोकळी राहिली असती आणि गुडघे दाराला लागले असते. म्हणून पहिल्या पठ्ठ्याने कमोड भिंतीला टेकवला, फरशी तीन-चार इंच कोरली आणि घड्या-घड्यांचा फ्लेक्झिबल पाईप जवळजवळ आडवा टाकून जुन्या ट्रॅपपर्यंत नेला. वरून वाळू, त्यावर सिमेंट. असा पाईप थोडा वेळ, डोळ्यांसमोर, सरळ उतारावर ठीक असतो. आडवा गाडला की तो मधे झोळीसारखा लोंबतो आणि त्याच्या प्रत्येक घडीत काही ना काही अडकतं. आमचा तर ट्रॅपच्या तोंडातून अर्धा निसटलाच होता. उकरल्यावर वाळू कशी होती सांगू? समुद्रावर मुलं किल्ला करायला घेतात तशी, मूठ वळली की आकार धरणारी.

डाग दाराशी का होता, तेही तेव्हाच कळलं. संडासाचा स्लॅब फूट-सव्वा फूट खाली दाबलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. गळलेलं पाणी त्या विटांमधून वाट काढत स्लॅबच्या सर्वांत खोलगट जागी जातं आणि तिथून खाली झिरपतं. त्यामुळे खालच्या डागावरून वरचा दोषी ठरवू नका.

काही जुन्या इमारतींत तर स्लॅब दाबलेलाच नसतो. आपला ट्रॅप आणि आडवा पाईप खालच्यांच्या संडासाच्या छताला लटकत असतो. तिथे पहिलं काम शेजाऱ्यांशी गोड बोलणं.

आधी तपासा, मग फोडा

सगळ्यांचंच दुखणं आमच्यासारखं असेल असं नाही, म्हणून थोडी तपासणी.

बादलीभर पाणी, आठ-दहा लिटर, एकदम कमोडमध्ये ओता. ते झटक्यात निघून गेलं आणि फ्लशला मात्र जात नसेल, तर दोष टाकीत किंवा फ्लशच्या वाटेत आहे: टाकीतला फ्लोट खाली लावलाय, किंवा बोअरच्या क्षारांनी काठाखालची भोकं बुजली आहेत. बादलीचं पाणीही चढून रेंगाळत असेल तर अडचण भांड्याच्या ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढे. फ्लश केल्यावर बाथरूमच्या नहाणीत बुडबुडे येत असतील किंवा वरच्या-खालच्यांकडेही हीच रड असेल, तर उभी लाईन, खालचं चेंबर नाहीतर गच्चीवरचा व्हेंट, म्हणजे लाईनला हवा देणारा पाईप, बघा. व्हेंटचं तोंड आकाशाकडे मोकळं हवं. आमच्या गच्चीवर पत्रे टाकले तेव्हा तो पत्र्याखालीच कापून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवला होता! हवा मिळाली नाही की उभ्या लाईनमधून जाणारं पाणी आपल्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं, आणि मग वास. डक्टमधली उभी लाईन सोसायटीची असते, त्यामुळे ते काम सेक्रेटरींकडे न्या, स्वतः करवून घेऊ नका.

गळतीसाठी नीळ वापरा. टाकीत नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं तर टाकीचा वॉशर गेलाय. पाणी वाया जातंय, पण खालचं छत त्याने भिजत नाही. मग कमोडमागे आणि बुडाभोवती वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि चार-पाच वेळा फ्लश करा. कागदावर निळा ओघळ आला की बहुधा निकासाचा जोड गळतोय. फ्लश न करताही कागद ओला होत असेल आणि पाणी स्वच्छ असेल, तर अँगल कॉक किंवा टाकीचा कनेक्शन पाईप. तेवढ्यावर सुटलात तर नशीबवान.

आणि कमोडवर बसून जरा डावीकडे-उजवीकडे झुका. दोन मिलिमीटर जरी हलला तरी मागचा जोड रोज तेवढाच हलतोय. व्हाईट सिमेंटला तडा जातो तो त्यामुळेच. सिमेंट काही रबर नव्हे.

ॲसिड ओतू नका. ते जुन्या बिडाच्या पाईपला आणि सिमेंटच्या जोडांना खातं, आणि आधी ओतलेल्या ब्लीचशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात हा प्रकार जीवावर बेतू शकतो.

आधी भोक, मग भांडं

दुकानात जाऊन कमोड पसंत करायचा आणि मग प्लंबरला म्हणायचं "बसव", हा उलटा क्रम झाला. पाईप कुठे आहे ते मोजा आणि त्याला शोभेल असं भांडं घ्या.

पाईप जमिनीतून येत असेल तर एस ट्रॅपचा कमोड. मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. आपल्या बाजारात ४ इंच, ९ इंच आणि १२ इंच असे कमोड मिळतात. खोक्यावर १००, २२० किंवा २२५, ३०० असे मिलिमीटरमध्ये आकडे असतात. नेमकं जुळत नसेल तर कमोडचा आकडा पाईपच्या अंतरापेक्षा लहान घ्यावा, मोठा कधीच नाही. पाईप ६ इंचांवर असेल तर ४ इंचांचा कमोड बसेल आणि मागे दोन इंच फट राहील, ज्यावर ग्रॅनाईटची पट्टी टाकली की साबण ठेवायची सोय होते. ९ इंचांचा कमोड मात्र तिथे बसणारच नाही, कारण तीन इंच भिंतीत घुसायला लागतील.

पाईप भिंतीतून येत असेल तर पी ट्रॅपचा. इथे उंची महत्त्वाची: तयार फरशीपासून पाईपच्या मध्यापर्यंत, बहुतेक कमोडना १८० मिमीच्या आसपास लागते. पाईप थोडा खाली असेल तर चालतं, ऑफसेट कनेक्टर (दोन्ही तोंडं एका रेषेत नसलेला जोड) खालच्या बाजूला वळवून जुळवता येतं. पाईप वर असेल तर मैल्याला चढ चढायला लावू नका. त्यापेक्षा कमोडखाली तेवढ्या जाडीची ग्रॅनाईटची लादी टाकून कमोडच उचला. म्हाताऱ्या माणसांना उंच कमोड उलट सोयीचाच पडतो.

मोजताना बहुतेकजण फसतात ते टाइल्समुळे. हल्ली जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवतात. भिंत अर्धा इंच पुढे येते, जमीन अर्धा ते एक इंच वर येते, पाईप मात्र आपल्या जागी. म्हणजे जुन्या भिंतीपासून बरोब्बर ९ इंचांवर असलेला पाईप नव्या टाइलपासून साडेआठवर येतो, आणि बरोबर उंचीवरचा भिंतीतला पाईप इंचभर खाली गेल्यासारखा होतो. मिस्त्री प्लॅस्टरपासून मोजतो, दुकानदार टाइलपासूनचा आकडा सांगतो, आणि तो अर्धा इंच मग जोडात भरला जातो. टाइल, तिच्यामागचा मसाला, सगळं धरून मोजा. टाइलचा एक तुकडा हातात धरून मोजलं तर आणखी बरं.

बाजूला सरकलेल्या पाईपसाठी ऑफसेट कनेक्टर असतो. तो एक-दीड इंचाचा फरक सांभाळतो. त्याहून जास्त असेल तर पाईप हलवायचा. एक ऑफसेट, त्याला दुसरा ऑफसेट अशी माळ ओवायची नाही. पाईप बाजूच्या भिंतीत असेल तर एकदम काटकोनी वळण देण्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड लावा, आणि शक्य असेल तिथे डोअर बेंड, म्हणजे झाकण उघडून साफ करता येतो तो. झाकण मात्र हात पोहोचेल त्या बाजूला. डोअर बेंड लावून त्यावर टाइल बसवलेलीही मी पाहिली आहे.

आणि कितीही मोह झाला तरी बाथरूमची जवळची ३ इंची लाईन कमोडला वापरायची नाही. कमोडला ४ इंची, म्हणजे ११० मिमीचाच पाईप लागतो, तोही एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला-सांडपाण्याच्या पीव्हीसी पाईपांमधला, टाइप बी. टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला.

उतार जमतच नाही अशी जागा असेल तर मैला दळून ढकलणारा पंप मिळतो. तो विजेवर चालतो, आवाज करतो आणि वीज गेली की बसतो. तळघरातल्या ऑफिसला ठीक, आईसाठी मी बसवला नसता.

आम्ही शेवटी काय केलं

पाच दिवस लागले. त्या काळात आई समोरच्यांकडे जायची, आणि त्या घरचा चहा आपल्यापेक्षा चांगला असतो हे आम्हाला रोज ऐकावं लागायचं.

कमोड सिमेंटमध्ये गाडलेला असल्यामुळे काढताना तळाशी तडकला. कोबा उकरला, जुना ट्रॅप काढला. डक्टमधली उभी लाईन सोसायटीने पूर्वीच पीव्हीसीची केली होती, पण आमच्या भिंतीतला तुकडा अजून बिडाचा. पीव्हीसी आणि बीड सोल्यूशनने चिकटत नाहीत, दोघांचे व्यासही तंतोतंत जुळत नाहीत. तिथे रबरी अडॅप्टर लागतो. सिमेंट थापून केलेला तसला जोड वर्षभरात बोलतोच. नवा ११० मिमीचा पाईप तयार टाइलपासून ९ इंच धरून उभा केला, खाली ४५चे दोन बेंड, आणि तिथून डक्टच्या भिंतीपर्यंत ९० सेंटीमीटर आडवा. उतार १ ला ४०, म्हणजे या लांबीत सव्वादोन सेंटीमीटर. मिस्त्रींनी पाणसळीखाली एका टोकाला, तिच्या लांबीच्या त्याच प्रमाणात जाडीच्या, लाकडाच्या चिपा ठेवल्या आणि बुडबुडा मधे येईपर्यंत पाईप हलवत राहिले. जास्त उतारही चांगला नाही, म्हणाले, "पाणी पळतं आणि माल मागं राहतो."

काम चालू असताना उघड्या पाईपात गोणपाटाचा बोळा कोंबतात, मसाला आत पडू नये म्हणून. त्याला सुतळी बांधा आणि सुतळीचं टोक बाहेर लोंबत ठेवा. बोळा आतच विसरला जातो. आमच्या पहिल्या तुंबण्यात स्प्रिंगला सिमेंटचा नारळाएवढा गोळा लागला होता, तो त्याच निष्काळजीपणाचा भाऊ.

कोबा परत भरण्याआधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, दोन दिवस पाणी साठवून ठेवलं आणि खाली जाऊन छत बघितलं. हा टप्पा टाळायला मिस्त्री, मुकादम, घरातले, सगळे एकत्र येतात. टाळू नका.

नवा कमोड आधी कोरडाच ठेवून बघितला. भट्टीत चिनी माती आकसते, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन कमोडच्या निकासात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज असतो. म्हणूनच जोडाला रबरी ओठाचा कनेक्टर लागतो. पाईपचं कापलेलं तोंड कानसीने घासून गोल केलं, नाहीतर ते रबराला कापतं. रबराला साबणाचं पाणी लावलं. तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर फुगतं. परदेशी व्हिडिओत मेणाची रिंग दिसते ती जमिनीवर बसवलेल्या त्यांच्या फ्लॅंजसाठी असते; आपल्याकडे ती शोधत फिरू नका.

जमिनीत भोकं पाडून नायलॉनचे बुश, त्यात स्क्रू, स्क्रूखाली प्लॅस्टिकचे वॉशर, आणि हाताला लागेल तेवढंच आवळायचं. व्हाईट सिमेंट नाही. बुडाभोवती सिलिकॉन, तोही तीनच बाजूंनी. मागची दोन इंच जागा मिस्त्रींनी मुद्दाम मोकळी सोडली. मला ते अर्धवट काम वाटलं, मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "उद्या गळलं तर तुम्हाला इथं दिसू दे, खालच्यांना नको."

कोबा भरण्याआधी पाईपचा फोटो काढलाय, शेजारी मोजपट्टी धरून. त्याची प्रिंट मीटरच्या बॉक्समध्ये चिकटवली आहे. आठ महिने झाले, मागच्या मोकळ्या जागेत दर रविवारी कागद सरकवून बघतो, कोरडा निघतो. काकूंच्या छतावरचा डाग वाळून तपकिरी कडा तेवढी उरलीय. पावसाळा संपला की रंग द्यायचा, खर्च आमचा, असं ठरलंय.